नाव न घेता आभार

२२ जून
पत्ता : तुम्ही माइकवर सांगितलात तोच

आदरणीय बच्छाव मॅडम,

मायना नियमाप्रमाणे लिहिला आहे. आदराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुमचे फोन येताहेत आणि मी उचलत नाहीये. अम्मी उचलते, 'हो मॅडम, बरोबर मॅडम' म्हणते आणि ठेवते. तुमचा आवाज ऐकला तर मला रडू येईल, मग तुम्ही 'वेडी कुठली' म्हणाल आणि सगळं मिटल्यासारखं होईल. मला ते मिटवायचं नाही, म्हणून पत्र लिहितेय. पत्रलेखन तुम्हीच शिकवलंत. बोर्डाचा नमुना बदलला तरी तुमचा हट्ट एकच, उजव्या कोपऱ्यात पत्ता आणि त्याला एक गुण. 'जो पत्ता लिहीत नाही, त्याने उत्तराची वाट बघू नये,' असं फळ्यावर डस्टर आपटून सांगायचात. आमची बहीणबाई, नाझिया, हे पत्र दप्तरातून आणून देईल. तिला खाऊ देऊ नका, ती लगेच विरघळते.

आधी कामाचं. चौकातला माझ्या फोटोचा तो फ्लेक्स आजच्या आज उतरवायला लावा. रवीभाऊ पुढारी असले तरी तुमचं ऐकतात. त्यांच्या मंडळाने शनिवारच्या सत्कारातल्या तुमच्या भाषणाचा व्हिडिओ टाकलाय, तोही काढायला सांगा. बिल्डरच्या माणसाने अजून पाहिला नसेल तर आम्ही वाचू.

तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं? शनिवारी तुम्ही माइकसमोर होतात, मी तुमच्या मागे खुर्चीत होते. तिथून कसं दिसलं ते सांगते.

सत्काराला मला यायचंच नव्हतं. पण दहावीला शाळेत पहिली आले, म्हणून तुम्ही म्हणालात, 'आफिया, शाळेसाठी ये.' आले. अम्मीने ठेवणीतली ओढणी काढली. रवीभाऊंनी शाल घातली, नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, 'मुसलमान असून काय शुद्ध मराठी बोलते पोरगी!' मी काहीच बोलले नव्हते, नुसतं 'धन्यवाद' म्हटलं होतं. त्याचंही हसू आलं मला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग तुम्ही आभारप्रदर्शनाला उठलात. तुमचं आभारप्रदर्शन म्हणजे शाळेत प्रसिद्ध. मंडपवाले, माइकवाले, पाण्याचे जार आणणारे, रांगोळी काढणाऱ्या मुली, सगळ्यांची नावं घेणार आणि शेवटी 'कुणाचं नाव अनवधानाने राहून गेलं असेल तर क्षमा असावी'. आम्ही वर्गात तुमची नक्कल करायचो. मी तर फार छान करते. शनिवारी तुम्ही सगळ्यांची नावं घेतलीत, घोटभर पाणी प्यायलात आणि म्हणालात, 'एका माणसाचे आभार मानल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.'



'रस्ता रुंदीकरणात घर गेल्यावर आमची ही आफिया, आई आणि धाकट्या बहिणीसोबत, गंगापूर रोडच्या मागच्या त्या अर्धवट इमारतीत तळमजल्यावर राहून शिकली. तिथले वॉचमन गोरक्षभाऊ यांनी मालकाच्या परवानगीची वाटही न बघता या लेकींना आसरा दिला. गोरक्षभाऊ, तुम्ही जिथे असाल तिथे, या टाळ्या तुमच्यासाठी!'

मॅडम, हे तुम्ही बोललात. मालकाच्या परवानगीची वाटही न बघता. निबंध तपासताना तुम्ही समासात लाल पेनने लिहायचात, 'तपशील द्या. तपशिलाने लेखन जिवंत होतं.' तुम्ही तपशील दिलात. इमारत दिलीत, मजला दिलात, माणसाचं नाव दिलंत आणि त्याचा गुन्हासुद्धा दिलात.

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. अम्मीला भाषण नीट कळलं नाही, सगळे वाजवतात म्हणून तीही वाजवत होती. पुढच्या रांगेत माझ्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या. त्यांना मी वर्षभर सांगितलं होतं की आम्ही मामाकडे राहतो. एकीने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी माझ्या चपलांकडे बघायला लागल्या. मी नारळाची शेंडी बोटांत धरून बसले होते.

जानेवारी आठवतोय का तुम्हाला? मी शाळा उघडायच्या आधी येऊन मागच्या नळावर केस धूत होते आणि तुम्ही मला पकडलंत. थंडी एवढी होती की माझे दात वाजत होते. तुम्ही ओरडला नाहीत. स्टाफरूममध्ये नेलंत, स्वतःचा नॅपकिन दिलात, थर्मासातला चहा दिलात. मी सगळं सांगितलं. गोरक्षमामांची अटही सांगितली. त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले होते : 'राहा बिनघोर. फक्त माझं नाव कुठं निघाया नको. माझी बी भाकर हाय ही.' तुम्ही माझा हात धरून म्हणालात, 'माझ्या पोटात राहील.'

राहिलं नाही.

आता काय पणाला लागलंय तेही माहीत असू द्या. ही खोली गेली तर नाझियाची शाळा जाते. अब्बा लासलगावला मार्केटमध्ये गाड्या भरतात, तिथेच झोपतात. त्यांनी घर गेलं तेव्हाच सांगितलंय, दुसरी जागा मिळाली नाही तर नाझियाला नामपूरला त्यांच्या बहिणीकडे, आमच्या फूफीकडे पाठवायचं. फूफी वाईट नाही, पण तिला दोन तान्ही आहेत. नाझियाची शाळा म्हणजे ती दोन पोरं होतील. दोन वर्षांनी 'शिकायचं मनच नाही हिचं' असं सगळे म्हणतील आणि तिलाही ते खरं वाटायला लागेल.

फ्लेक्सचं बघा. आजच.

तुमची
आफिया


२९ जून
पत्ता : द्वारा शाहनवाज चाचा, देवळाली कॅम्प ('चार दिवस' असं ठरलंय)

मॅडम,

फ्लेक्स उतरला नाही. आम्ही उतरलो.

कसं झालं ते सांगायलाच हवं, कारण तुम्ही तिथे होतात. म्हणजे तुमचा आवाज होता. सकाळी नाझिया वेणी घालून घेत होती आणि जिन्यापाशी अचानक तुम्ही बोलायला लागलात. अगदी स्पष्ट, 'एका माणसाचे आभार मानल्याशिवाय...' नाझिया अर्ध्या वेणीने उठून पळाली, 'मॅडम आल्या! मॅडम आल्या!' म्हणत. बाहेर बिल्डरचा सुपरवायझर उभा होता, हातात मोबाइल होता. तुमचं भाषण त्याने गोरक्षमामांना पूर्ण ऐकवलं. टाळ्यांसकट.

तो माणूस शिव्या देत नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, 'फार मोठा दानशूर झालास रे, गोरक्ष. सत्कार झाला तुझा.' मामांनी टोपी काढून हातात घेतली फक्त.

आमचं सामान गोळा करायला वेळ लागला नाही. गोरक्षमामांचं करायला लागला. तुम्हाला हे माहीत नसेल, कारण तपशिलात हे आलं नव्हतं : वॉचमनचं घर म्हणजे त्याच जागेवरची पत्र्याची खोली असते. नोकरी गेली की खोली जाते. चांगुणामामी भांडी पोत्यात भरताना अम्मीला म्हणाली, 'ताई, आमी तुमचं काय वंगाळ केलं व्हतं?' अम्मीने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिने हात झटकला नाही, नुसता सैल सोडला.

त्यांचा रुद्र आपल्याच शाळेत तिसरीत आहे. म्हणजे तुमच्या शाळेतलं आणखी एक पोर बेघर झालं. रस्त्यामुळे नाही, आभारामुळे.

तुम्ही दुपारी अम्मीला फोन केलात आणि अम्मी परत 'हो मॅडम' म्हणाली. मी विचारलं, भांडली का नाहीस? तर म्हणते, 'त्यांनी जाणूनबुजून नाही केलं, बेटा. आणि नाझियाला त्यांच्याच शाळेत जायचंय.' अम्मीचं हे असं असतं. अडला हरी, पुढचं तुम्हीच शिकवलंय.

आफिया


१९ जुलै
पत्ता : अजून चाचांकडेच, पण चाचींच्या तोंडाकडे बघितलं की पत्ता लिहायला हात धजत नाही

मॅडम,

तुमची चिठ्ठी नाझियाने आणली. तिच्यासोबत तिळाची चिक्कीही आली. सांगितलं होतं ना, खाऊ देऊ नका म्हणून?

चिठ्ठी मी दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय : 'मी तुझ्या भल्यासाठी बोलले. आपल्या शाळेतली बाकं रिकामी होताहेत. रस्त्यात घरं गेलेल्या तुमच्या ओळीतली मुलं कुठे गेली, कुणाला पत्ता नाही. मी हजेरी घेताना नाव पुकारते आणि कुणी 'हजर' म्हणत नाही. कुणीतरी हे लोकांसमोर बोलायलाच हवं होतं. बेघर मूल असा शब्द ऐकला की लोक मान डोलावतात आणि विसरतात. तुझा चेहरा दिसला तर विसरणार नाहीत असं वाटलं.'

हे खोटं नाही, ते मला माहीत आहे. तुम्ही आमच्या ओळीतल्या भीमाबाईंच्या नातवाला शोधायला पार पाथर्डीच्या पुढे गेला होतात, तो वीटभट्टीवर सापडला आणि तुम्ही त्याला दप्तरासकट रिक्षात घालून आणलंत. जाता-येता डब्यात दोन पोळ्या जास्त आणायच्या आणि 'मला आज भूक नाही गं' म्हणायचं, तुमची ही नाटकं आम्हा सगळ्यांना कळायची. आम्हीही नाटक करून खायचो. म्हणूनच तर सांगितलं तुम्हाला. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं मी? परक्याने सांगितलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. तुमच्यावर रागावायचं तर आधी तुमच्या पोळ्या आठवतात, मग त्या पोळ्यांचाही राग येतो. हे फार वाईट आहे, मॅडम. तुम्ही माझं खाल्लेलं अन्नसुद्धा कडू केलंत.

आणि बोलायचंच होतं तर मला विचारायचं होतंत. 'आफिया, बोलू का?' तीन शब्द. सभागृहातल्या पाण्याच्या जारवाल्याला तुम्ही आधी विचारून घेतलं होतंत, त्याचं नाव बरोबर उच्चारता यावं म्हणून. मी ऐकलंय ते.

तुम्ही लिहिलंय, 'रवीभाऊंनी स्टेजवरून घर देण्याचा शब्द दिलाय, त्यांना जाऊन भेट.' भेटलो. अम्मी आणि मी. त्यांच्या ऑफिसात आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला. भाऊ म्हणाले, 'घराचं बघतोय, वरपर्यंत बोललोय, तू फक्त अभ्यास कर.' मग फोटोवाल्याला बोलावलं आणि मला परत शाल घातली. आता आमच्याकडे दोन शाली आहेत. घर नाही, पण थंडीची सोय झाली. बाहेर पडल्यावर अम्मी रस्त्यात उभी राहून हसायला लागली आणि मग तिचं हसू थांबेचना. मला तिची भीती वाटली.

तो फ्लेक्स अजून आहेच. 'घर नाही, पण जिद्द आहे!' त्यावर भाऊ माझ्या चौपट आहेत. खाली तुमचं नाव आहे, 'मार्गदर्शक : सौ. हर्षाली बच्छाव'. चौकातून जाताना मी ओढणी डोक्यावरून पुढे घेते. अम्मी म्हणते, एवढी वर्षं सांगून थकले तेव्हा घेतली नाहीस, आता घेतेस. अकरावीला कॉमर्सला नंबर लागला, तिथेही पहिल्या दिवशी एका मुलाने 'ए, जिद्द!' अशी हाक मारली. तेच नाव पडलंय.

नाझियाचं सांगते. देवळालीहून दोन बस बदलून येईपर्यंत प्रार्थना संपलेली असते. उशिरा येणाऱ्यांच्या रांगेत ती रोज उभी असते. तिच्या वर्गातल्या मुली म्हणतात, 'तुम्ही खरंच बिल्डिंगमध्ये झोपायच्या? लिफ्ट होती का?' ती येऊन मला सांगते आणि विचारते, 'दीदी, लिफ्ट होती असं सांगितलं तर चालेल का?'

अब्बा रविवारी आले होते. त्यांनी फूफीला फोन लावला. मी त्यांच्यासमोर हात जोडले, मॅडम. आयुष्यात पहिल्यांदा. ते म्हणाले, 'जागा दाखव, नाही पाठवत.'

तर आता जागा शोधतोय. चिठ्ठीच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'नवीन पत्ता कळव, मी येते.' बघू.

आफिया


८ ऑगस्ट
पत्ता :

मॅडम,

चाचांचं घर सोडलं. चाची वाईट वागल्या नाहीत, फक्त एका सकाळी त्यांनी आमच्या चपला दाराच्या बाहेर नीट ओळीने लावून ठेवल्या. अम्मीला कळलं.

नाझिया आठवडाभर शाळेत आली नाही, ती आजारी नव्हती. आम्ही जागा बघत फिरत होतो. सोमवारपासून येईल. तिचं नाव पटावरून कमी करू नका. क्लार्कसाहेबांनी पत्त्याचा पुरावा मागितला तर तुम्ही सांभाळा. कायद्याने पुरावा लागत नाही, हे तुम्हीच पालकसभेत सांगितलं होतं. तिला पहिल्या तासाला बसू द्या, उशिरा आली तरी.

एवढंच मागते. दुसरं काही मागणार नाही.

आफिया


३ सप्टेंबर

आदरणीय मॅडम,

अभिनंदन. नाझियाने सांगितलं की परवा शिक्षकदिनाला तुमचा सत्कार आहे. 'बेघर विद्यार्थिनीला घडवणाऱ्या शिक्षिका.' बातमीचं कात्रण तिने दाखवलं. त्यात माझं नाव तुमच्याआधी आलंय, हे बघून गंमत वाटली.

तुम्ही निरोप पाठवलाय की मी यावं आणि आभारप्रदर्शन मी करावं. 'आफिया छान करते, मला माहीत आहे, तुम्ही मागे माझी नक्कल करायचात,' असंही सांगितलंत म्हणे. मी एकटीच हसले ते ऐकून. म्हणजे तुम्हाला माहीत होतं!

आणि तुम्ही असंही सांगितलंत की मोठे लोक येणार आहेत, लांब गेलेल्या मुलांसाठी शाळेला बस मिळावी अशी मागणी स्टेजवरून करता येईल, माझ्या तोंडून ती जास्त पोहोचेल. मी यावर दोन दिवस विचार केला. बस मिळायला हवी. भीमाबाईंचा नातू परत भट्टीवर गेलाय, हे मला कळलंय. बस असती तर तो गेला नसता. पण मॅडम, बस मागायची तर बस मागा. त्यासाठी मला हातात नारळ देऊन उभी का करता? आमचं घर पडल्याचं सांगितल्याशिवाय पोरांना शाळेत आणता येत नसेल, तर ती शाळेची अडचण आहे. माझी नाही.

मी येणार नाही. पण आमच्याकडे काय झालं ते सांगते, कारण तुम्ही काळजी करत असणार. काळजी तुम्ही खरीच करता.

आम्हाला जागा मिळाली आहे. घर नाही, जागा. तीन बाजूंनी भिंत आहे, वर काही नव्हतं. पहिले दिवस अम्मीने साड्या बांधल्या, त्या पावसात टिकेनात. नाझियाची पुस्तकं शालींत गुंडाळून ठेवली होती. शाली शेवटी कामी आल्या. अब्बा आले, बघितलं आणि फूफीचा नंबर लावायला लागले.

त्याच दिवशी एक गृहस्थ सायकलवर आले. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ते आता कुठे कामाला आहेत तेही लिहिणार नाही. कॅरियरला मोठी गुंडाळी बांधली होती. रवीभाऊंच्या वाढदिवसाचा नवा फ्लेक्स चौकात लागला, तेव्हा माझा काढून खांबामागे टाकला होता म्हणे. ते म्हणाले, 'पोरी, तुझंच हाय, तूच घे. लय मजबूत माल हाय, दोन पावसाळे काय व्हत नाय बघ.' मी त्यांच्याकडे मान वर करून बघू शकत नव्हते. तर तेच म्हणाले, 'आगं, तू कुठं बोलली व्हती? बोलणारं येगळं, भोगणारं येगळं. धर ते टोक.' आणि अब्बा आणि ते, दोघांनी मिळून बांधला. अब्बांनी फोन खिशात ठेवला. नाझिया नामपूरला गेली नाही.

बांधताना प्रश्न आला, छापलेली बाजू वर ठेवायची की आत. अम्मी म्हणाली, 'वर ठेवली तर येणारा-जाणारा वाचेल. परत जाहिरात होईल.' म्हणून आत ठेवली आहे. आता मी आडवी झाले की वर मीच असते, नारळ धरून, तोंड असं केलेलं की दाढ दुखतेय. शेजारी रवीभाऊ हात जोडून. घर देतो म्हणाले होते, छप्पर तरी दिलं, त्यांना खोटं म्हणता येणार नाही. आणि नाझियाच्या उशीच्या बरोबर वर तुमचं नाव येतं. ती झोपायच्या आधी ते मोठ्याने वाचते. पहिल्यांदा मला वाटलं, ते नाव काळ्या रंगाने पुसून टाकावं. मग राहू दिलं. पाणी त्या बाजूने गळत नाही.

मला तुमची आठवण येते, मॅडम. कॉलेजात मराठीच्या तासाला सर धडा वाचतात आणि मला वाटतं, हे तुम्ही कसं वाचलं असतं. एखादा शब्द आवडला की तुम्ही थांबून तो परत म्हणायचात, जिभेवर गोळी फिरवल्यासारखा. इथे कुणी थांबत नाही. तुमच्यासारख्या बाई मला परत भेटणार नाहीत. आणि तुम्हाला काही सांगावं, असं मला परत कधी वाटणार नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यातली एकही कमी होत नाही.

आभारप्रदर्शन करायला सांगितलंत ना, ते करते. इथेच.

ज्यांनी आम्हाला पहिल्यांदा आसरा दिला आणि स्वतःचा घालवला, त्यांचे आभार. त्यांच्या घरातून ज्यांनी मागच्या शुक्रवारी आमच्याकडे डबाभर ज्वारीचं पीठ पाठवलं, आणि कोणी पाठवलं ते पोराला सांगू दिलं नाही, त्यांचे आभार. आम्ही जिथे राहतो तिथे ज्या बाई आम्हाला नळ वापरू देतात आणि विचारत नाहीत, त्यांचे आभार. शाळेत कुणीतरी आहे, जे नाझिया उशिरा आली की हजेरी पुन्हा उघडतं आणि तिला रांगेत उभं करत नाही. वर्गासमोर कारण विचारत नाही. गेले तीन आठवडे हे चालू आहे. कोण आहे ते मला माहीत आहे. त्यांचेही आभार.

नावं घेतलेली नाहीत. अनवधानाने राहिलेली नाहीत, मुद्दाम ठेवली आहेत. क्षमा मागत नाही.

तुम्ही परवा स्टेजवर उभ्या राहाल तेव्हा माझ्याबद्दल काही बोलू नका. 'ती आता कुठे आहे?' असं कुणी विचारलं तर 'माहीत नाही' म्हणा. ते खरंच असेल, तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. तुम्ही तपशील मागाल म्हणून पत्रातसुद्धा भिंती कसल्या, नळ कुठला, काही लिहिलेलं नाही. जरा कोरडं झालं असेल लेखन. चालवून घ्या.

नाझियाच्या मागे मागे येऊ नका. तिला विचारूही नका. चिक्की दिलीत तरी सांगणार नाही, खाऊन टाकेल आणि गप्प बसेल. सहावीतली पोर आहे, पण तिच्या पोटात राहतं.

तुमची विद्यार्थिनी (एवढं मात्र खोडता येत नाही),
आफिया

ता. क. उजव्या कोपऱ्यात पत्ता नाही, तो विसरलेला नाही. उत्तराची वाट बघत नाहीये. एक गुण कापा.